वाढ बाजाराची, तारण कोणाच्या कर्जाला?

पालिकेच्या तिजोरीत पैसा नाही आणि बाजारपेठ मात्र नव्याने बांधायची आहे, असा पेच आज महाराष्ट्रातील अनेक लहानमोठ्या शहरांपुढे आहे. जुनी मंडई गळते, गाळ्यांचे स्लॅब खचले आहेत, गटारे तुंबली आहेत, गाडी लावायला जागा नाही. या पेचावर जाणकार मंडळी एक तोडगा सांगतात. त्याचे नाव 'टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग', म्हणजे उद्या वाढणाऱ्या कराच्या भरवशावर आज पैसा उभा करणे. केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २०१७ साली एक धोरण चौकट जाहीर केली. जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून सार्वजनिक कामांसाठी पैसा काढण्याचे जे मार्ग त्यात सांगितले, त्यांत हाही एक मार्ग आहे. त्यातले विकास शुल्क, जादा चटईक्षेत्रावरील अधिमूल्य असे इतर मार्ग आपल्या राज्यात रुळले आहेत. हा मार्ग अजून रुळलेला नाही, आणि म्हणूनच त्यावर आताच बोलणे आम्हाला आवश्यक वाटते. ठराव मंजूर झाल्यावर केलेली ओरड सहसा कोणी ऐकत नाही.

कोणी म्हणेल, देवगाव फाट्यावर कापड विकणाऱ्यांना पालिकेच्या कर्जाशी काय देणेघेणे? आमच्या फाट्याला नगरपालिका नाही, हे खरे. पण आमचा माल आणि आमची माणसे सेलू, जिंतूर, परभणी, मंठा, जालना येथील बाजारांशी बांधलेली आहेत. आमचे भाऊबंद तेथे पालिकेच्या गाळ्यांत बसतात. आमच्याकडून अस्तर आणि कापड नेणारे शिंपी तेथील ओट्यांवर मशीन टाकून बसतात. शिवाय फाट्यावर जे घडते आहे, तेच उद्या शहरात घडणार आहे. मंठ्याहून देवगाव फाटा, सेलू, पाथरी असा जाणारा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ५४८-ब आहे. जालना ते नांदेड द्रुतगती महामार्गही आमच्या जिल्ह्यातून आखला गेला आहे. रस्ता आला की जागेचा भाव चढतो. भाव चढला की भाडे चढते, घरपट्टी चढते, आणि जुना दुकानदार एके दिवशी विचारतो, ही वाढ कोणी केली आणि ती कोणाच्या पदरात पडणार?

आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे. बाजाराच्या वाढीवर कर्ज काढायचे असेल, तर कर्ज काढण्याच्या दिवशी पालिकेचा कर जसा कागदावर गोठवला जातो, तसाच त्या बाजारात बसलेल्या माणसाचा हक्कही कागदावर गोठवला गेला पाहिजे.

योजना म्हणजे सुगीवरची उधारी

व्यापारी बांधवांना ही योजना समजणे अवघड नाही. कापूस-सोयाबीन घरात येण्याआधी शेतकरी लग्नाचा बस्ता नेतो आणि सांगतो, सुगी झाली की देतो. आम्ही वहीत नाव लिहितो. ही उधारी येणाऱ्या पिकावर असते. पालिकेची ही योजना तशीच आहे.

समजा, एका तालुक्याच्या गावी दोनशे गाळ्यांची पेठ आहे. दर गाळ्यामागे वर्षाला तीन हजार रुपये घरपट्टी, म्हणजे एकूण सहा लाख. पालिका त्या पेठेभोवती एक हद्द आखते आणि जाहीर करते की हे सहा लाख म्हणजे मूळ रक्कम. पुढे पेठ नवी झाली, जागेचे मूल्य वाढले, आणि दर गाळ्याची पट्टी आठ हजारांवर गेली. एकूण सोळा लाख झाले. यातले मूळ सहा लाख पूर्वीप्रमाणे पालिकेच्या सर्वसाधारण खर्चाला मिळत राहतात. वरचे दहा लाख वेगळ्या खात्यात जातात आणि त्यातून पेठ बांधण्यासाठी काढलेले कर्ज ठरावीक वर्षे फेडले जाते. कर्ज फिटले की हद्द पुसली जाते आणि सगळा कर पुन्हा एका तिजोरीत येतो.

कागदावर ही गोष्ट सुंदर दिसते. कोणावर नवा कर नाही, सरकारपुढे हात पसरणे नाही, बाजार आपल्याच वाढीतून आपले बांधकाम करतो. योजनेचे हे गुण आम्ही नाकारत नाही. पण बस्ता देताना आम्ही जसे शेत किती, पाणी किती, मागची बाकी किती हे विचारतो, तसे येथेही विचारले पाहिजे.

पहिला सवाल रकमेचा. वर्षाला दहा लाख हप्ता भरण्याची ताकद असेल, तर नऊ टक्के व्याजाने पंधरा वर्षांसाठी सुमारे ऐंशी लाखांचे कर्ज झेपते. दोनशे गाळ्यांत ऐंशी लाख वाटले, तर गाळ्यामागे चाळीस हजार येतात. चाळीस हजारांत आजच्या भावाने गाळा उभा राहील काय? लहान गावाची घरपट्टीच इतकी थोडी असते की तिच्या वाढीवर सगळी पेठ बांधली जाणे शक्य नाही. मग उरलेला पैसा कोठून येणार? नव्या गाळ्यांच्या लिलावातून, अनामतीतून, वाढीव भाड्यातून. म्हणजे नाव कराच्या वाढीचे, आणि खरा भार गाळेधारकाच्या खिशावर. ही गोष्ट ठरावात स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. आधी करवाढीचे गोड आकडे दाखवायचे आणि इमारतीचा पाया भरल्यावर लिलावाची नोटीस काढायची, हा सौदा साफ नव्हे.

दुसरा सवाल वाढीचा. पालिकेच्या हद्दीत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. योजना नसतानाही कर वाढतच असतो. दरसाल पाच टक्के वाढ धरली, तर सहा लाखांचे दहा वर्षांत पावणेदहा लाख होतात. ही वाढ पेठ नवी बांधल्यामुळे झालेली नाही. महागाईमुळे, रस्त्यामुळे, लोकांच्या व्यापारामुळे ती झालीच असती. हा पैसा झाडू, दिवे, नाल्या आणि शाळांसाठी लागतो, कारण त्यांचा खर्चही तेवढाच वाढतो. योजनेत मात्र मूळ रकमेच्या वरचे सगळे कर्जाच्या खात्यात जाते. परिणामी पेठेत नवी फरशी येते आणि मागच्या मोहल्ल्यातली गटार उघडीच राहते. आमच्या फाट्याचेच पाहा. उद्या कोणी फाट्याभोवती अशी हद्द आखली, तर महामार्गाने वाढवलेला भावही त्या इमारतीच्या खात्यावर जमा धरला जाईल.

ज्यांनी आधी केले, त्यांचे काय झाले

ही योजना अमेरिकेत जन्मली. कॅलिफोर्निया राज्याने १९५२ साली तिची सुरुवात केली. साठ वर्षांत तेथे पुनर्विकासाच्या सुमारे चारशे संस्था उभ्या राहिल्या. हद्दीतील वाढीव कर त्या संस्थांकडे जाई आणि शाळांचा तुटलेला वाटा राज्याला भरून द्यावा लागे. शेवटी २०११ साली त्या राज्याने कायदा करून या संस्था मोडीत काढल्या आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या बंद झाल्या. शिकागो शहरात १९८४ पासून ही योजना चालू आहे. तेथे एका हद्दीची मुदत तेवीस वर्षांची असते आणि ती वाढवूनही मिळते. तेथील नागरिकांची जुनी तक्रार अशी की योजना मागास वस्त्यांसाठी म्हणून आली, पण आधीच भरभराटीला आलेल्या भागांनीही तिचा पैसा ओढला. ज्या देशात हिशेब उघडे असतात तेथे ही गत, तर आपण किती सावध राहिले पाहिजे?

आपल्या देशात याच्या जवळची उदाहरणे आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ साली कायद्याने मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. सरकारच्या आणि पालिकेच्या जमिनी, पालिकेची वार्षिक देणगी आणि कर्जरोखे यांच्या बळावर न्यासाने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले आणि सुधारलेले भूखंड भाडेपट्ट्याने दिले. ज्या मोहम्मद अली रोडवर आज आपले हजारो व्यापारी बांधव पोट भरतात, तो रस्ता या न्यासानेच काढला. त्या रस्त्याचा फायदा कोणी नाकारणार नाही. पण नागपाड्यासारख्या वस्त्यांतून जे गोरगरीब उठवले गेले, त्यांतल्या फार थोड्यांना नव्या जागेचे भाडे परवडले. १९३३ साली न्यास पालिकेत विलीन झाला. रस्ता राहिला, जुने रहिवासी पांगले.

त्याच भागातील भेंडी बाजाराचे उदाहरण ताजे आहे. २००९ साली सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि साडेसोळा एकरांवरील सुमारे अडीचशे जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास हाती घेतला गेला. सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने त्यात आहेत. येथे कराची वाढ गहाण ठेवलेली नाही. तिच्या जागी वाढीव चटईक्षेत्र आहे. जुन्यांना मालकीची जागा मिळते आणि जादा बांधकामाच्या विक्रीतून खर्चाला हातभार लागतो. पुनर्विकासाची निकड किती असते, हे ३१ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच भागातील एक जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली तेव्हा सर्वांनी पाहिले. म्हणून जुने ते तसेच राहू द्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, पहिल्या टप्प्याचे मनोरे तयार व्हायला २०२० साल उजाडले. मोठ्या ट्रस्टच्या पाठबळावरही अकरा वर्षे लागली, तर तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराने गिऱ्हाईक किती वर्षे धरून ठेवायचे? दुसरी, मुंबईत वरच्या मजल्याला सोन्याचा भाव येतो. सेलू-जिंतूरला तिसऱ्या मजल्यावरचा गाळा फुकट दिला तरी तेथे गिऱ्हाईक चढत नाही. मुंबईचे गणित उचलून मराठवाड्यात आणता येत नाही.

येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढल्याची गोष्ट खानदेशात घडली. जळगाव पालिकेने नव्वदच्या दशकात घरकुले व इतर योजनांसाठी हुडकोकडून शंभर कोटींहून अधिक कर्ज काढले. घरकुले अर्धवट राहिली. थकबाकी इतकी वाढली की पुढे महापालिकेची बँक खाती गोठवण्याची वेळ आली. घरकुलांच्या घोटाळ्यात २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. याच शहरात पालिकेच्या व्यापारी संकुलांतील गाळ्यांचे करार २०१२ साली संपले आणि नवे भाडे, थकबाकी व दंड यांवरून गाळेधारक आणि महापालिका यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. या दोन गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत. पण ज्या पालिकेवर कर्ज असते, तिची नजर आधी हाताशी असलेल्या उत्पन्नावर जाते, आणि गाळेधारक हा सर्वात हाताशी असतो, एवढे यातून समजून घ्यावे.

गुजरातचाही एक दाखला आहे. अहमदाबाद महापालिकेने १९९८ साली राज्याच्या हमीशिवाय शंभर कोटींचे रोखे काढले आणि त्यासाठी काही जकात नाक्यांचे उत्पन्न बांधून दिले. देशभर तिची वाहवा झाली. पण २००७ साली गुजरातेत जकातच बंद झाली. आपल्याकडे नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तो २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि २०१७ साली जीएसटी आला. आज शाश्वत वाटणारा कर वीस वर्षे टिकेलच, याची खात्री कोण देणार? पालिकांच्या हाती आता मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे उरले आहे. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराच्या वसुलीची अट जोडली. म्हणून या पुढच्या काळात घरपट्टीवर सर्वांची नजर राहणार, हे ओळखून असावे.

कायदा गाळेधारकाला कितपत सांभाळतो?

आपल्यातले बरेच दुकानदार समजतात की तीस-चाळीस वर्षांची वहिवाट आहे, आम्हाला कोण उठवणार? हा समज तपासून पाहिला पाहिजे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा खाजगी मालकाच्या भाडेकरूला संरक्षण देतो. भाडे दरसाल चार टक्क्यांहून जास्त वाढत नाही, पगडीचा व्यवहारही त्या कायद्याने मान्य केला आहे. पण स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. पालिकेचा गाळेधारक त्याच्या बाहेर आहे. त्याचा हक्क करारापुरता, आणि करार संपला की हक्कही संपतो. २०१९ साली राज्य सरकारने महापालिकांच्या मालमत्तांचे भाडे बाजारमूल्याच्या किमान आठ टक्के ठरवणारा नियम काढला होता. दहा लाख मूल्याच्या गाळ्याला त्या हिशेबाने वर्षाला ऐंशी हजार भाडे झाले असते. गाळेधारकांनी राज्यभर आवाज उठवला, आणि पुढे सरकारला तो दर खाली आणावा लागला. एकजुटीने केलेली मागणी फळते, हा त्यातला धडा.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा उदार आहे. ज्याची जमीन नाही, पण जो त्या जागेत किमान तीन वर्षे काम करून पोट भरतो, त्या कुटुंबालाही तो बाधित मानतो आणि त्यात कारागिराचा स्पष्ट उल्लेख आहे. पण पालिका स्वतःच्याच जागेवरची मंडई पाडून बांधते तेव्हा संपादन होतच नाही. म्हणजे गाळेधारक दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत सापडतो. हातगाडीवाला आणि फेरीवाला यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षणाचा, प्रमाणपत्राचा आणि नगर विक्रेता समितीत चाळीस टक्के जागांचा हक्क दिला. पण ज्याचे नाव सर्वेक्षणात नाही, त्याला यातले काहीच मिळत नाही.

सर्वात वाईट अवस्था पोटभाडेकरूची आणि ओट्यावरच्या कारागिराची. आमच्या माहितीतील एका गावी जुने संकुल पाडून नवे झाले. गाळे ज्यांच्या नावावर होते त्यांना पैसे भरून गाळे मिळाले. त्या गाळ्यांच्या पायरीवर मशीन टाकून बसणारे शिंपी, रफूगर, बटण-काज करणारे यांचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते. नव्या संकुलाला पायरी ठेवलेली नव्हती, काचेचे दार होते. त्यांतले दोघे आज आमच्या फाट्यावर पानटपरीच्या शेजारी बसून फाटक्या पिशव्या शिवतात. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे नुकसान समजावे लागत नाही. शिंपी उठला की दुकानातला कट-पीस उठत नाही. गिऱ्हाईक शहराकडे तयार कपडे घ्यायला जाते. नकाशा काढणाऱ्याला पायरी दिसत नाही, धंद्याला ती लागते.

येथे एक जुना न्याय आठवतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात, आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यातही, नगररचना योजनेमुळे जमिनीची जी किंमत वाढते, तिचा अर्ध्यापर्यंतचा भागच अंशदान म्हणून घेता येतो. उरलेला मालकाचा. म्हणजे वाढीत दोघांचा वाटा असतो, हे कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच मानले आहे. मग ज्याने चाळीस वर्षे दुकान उघडे ठेवून, उधारी देऊन, पेठेला नाव मिळवून दिले, त्या भाडेकरूचा वाटा शून्य कसा? कर मालकाच्या नावाने निघतो, पण मालक तो भाड्यात घालतो, आणि खाजगी जागेत वाढलेल्या पट्टीपोटी भाडे वाढवण्याची मुभा कायद्यानेच मालकाला दिली आहे. म्हणून कर्जाचा खरा हप्ता दुकानदार भरतो. जो हप्ता भरतो, त्याला विचारल्याशिवाय तारण कसे ठेवता येईल?

आमच्या मागण्या

विरोधासाठी विरोध करणे हा व्यापाऱ्याचा स्वभाव नव्हे. अटी साफ असतील तर आम्ही अशा योजनेला साथ देऊ. त्या अटी अशा :

१. ज्या तारखेला मूळ कर निश्चित होईल, त्याच तारखेला पेठेतील प्रत्येक माणसाची यादी व्हावी. मालक, गाळेधारक, पोटभाडेकरू, ओट्यावरचा कारागीर, हातगाडीवाला, प्रत्येकाचे नाव, जागेचे माप आणि भाडे त्यात असावे. वक्फच्या जागेवरील दुकाने वेगळी दाखवावीत. ही यादी पेठेत फलकावर लावून हरकती घ्याव्यात.

२. यादीतल्या माणसाला तेवढ्याच मापाची जागा, तळमजल्यावर, लिलावाविना मिळावी. भाडे टप्प्याटप्प्याने वाढावे. लिलाव फक्त जादा निघणाऱ्या गाळ्यांचा व्हावा.

३. नेहमीची करवाढ आधी वजा करावी. मागच्या दहा वर्षांची सरासरी वाढ सर्वसाधारण तिजोरीत जावी आणि तिच्यावरची वाढच कर्जाच्या खात्यात जमा व्हावी.

४. बांधकामाच्या काळात पर्यायी शेड त्याच रस्त्यावर मिळावे, गावाबाहेर नव्हे. काम लांबले तर त्या काळाचे भाडे माफ व्हावे.

५. मुदत पंधरा वर्षांहून जास्त नसावी. कर्ज आधी फिटले तर हद्द लगेच उठावी. त्या खात्याचा पैसा दुसऱ्या कामाला वळवू नये आणि हिशेब दरसाल मराठीत व उर्दूत प्रसिद्ध व्हावा.

६. असा ठराव निवडून आलेल्या सभागृहानेच करावा. मागील काही वर्षांत निवडणुका लांबून अनेक पालिकांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. पंधरा वर्षांचे बंधन एका अधिकाऱ्याच्या सहीने पेठेवर लादले जाऊ नये. खात्यावर देखरेख करणाऱ्या समितीत व्यापारी आणि कारागीर दोघांचेही प्रतिनिधी असावेत.

आणि आपली जिम्मेदारी

मागण्या करणाऱ्याने आपले घरही झाडून ठेवले पाहिजे. आपल्या पेठांतले निम्मे व्यवहार कच्च्या चिठ्ठीवर आणि जुन्या ओळखीवर चालतात. ओळख चांगली गोष्ट आहे, पण सर्वेक्षणाला आलेला कारकून ओळख लिहून घेत नाही, तो कागद मागतो. वडिलांच्या नावाचा करार असेल तर वारसाची नोंद करून घ्या. भाडे रोख दिले तरी पावती घ्या. पोटभाडेकरू असाल तर निदान वीजबिल आणि दुकानाची नोंद आपल्या नावे ठेवा. कमी कामगार असलेल्या लहान दुकानाला २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त सूचनापत्र द्यावे लागते, ते देऊन त्याची पोच जपून ठेवा. कारागिरांनी उद्यम नोंदणी करावी, ती विनामूल्य आहे. फेरीवाल्यांनी प्रमाणपत्र घ्यावे. घरपट्टी मुदतीत भरावी, कारण थकबाकीदाराच्या हरकतीला सभेत वजन राहत नाही.

फेरआकारणीची यादी प्रसिद्ध होते तेव्हा ती पाहायला जाणारे आपल्यातले किती? हरकतीची मुदत निघून जाते आणि मग आम्ही चहाच्या टपरीवर पालिकेला नावे ठेवतो. प्रत्येक पेठेतून दोन जाणती माणसे नेमावीत. त्यांनी पालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मिळवावी, अंदाजपत्रक वाचावे, आणि महिन्यातून एकदा दुकाने बंद झाल्यावर सर्वांना समजावून सांगावे. आपल्यातल्या ज्यांना मराठी कागद वाचताना अडचण येते, त्यांच्यासाठी शिकलेल्या मुलांनी बसावे. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. सातबारा आणि कराची नोटीस वाचायला आम्ही दुकानात बसूनच शिकलो. हे काम कठीण नाही, फक्त नेटाने करावे लागते. आणि हे काम एका समाजाचे नव्हे. पेठेत आमच्या शेजारी मारवाडी, कोमटी, लिंगायत, मराठा, शिंपी सगळेच बसतात आणि घरपट्टीची नोटीस सर्वांना एकाच नमुन्यात येते. यादी करायची तर सगळ्यांची मिळून करावी.

येत्या काळात आपल्या भागातल्या पेठा नव्याने बांधल्या जाणार, यात शंका नाही. रस्ते आले आहेत, गाड्या वाढल्या आहेत, जुन्या इमारतींचे आयुष्य संपत आले आहे. पैसा अनुदानातून येवो, कर्जातून येवो की करवाढीतून, तो शेवटी पेठेतल्या धंद्यातूनच फिटायचा आहे. म्हणून सेलू, जिंतूर, परभणी, पाथरी येथील बांधवांना आमची विनंती आहे की पालिकेची मोजणी येण्याची वाट पाहू नये. या महिन्यातच आपल्या पेठेची यादी आपणच तयार करावी, तिच्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात, आणि एक प्रत पालिकेत देऊन पोच घ्यावी. त्यात पायरीवर बसणाऱ्या कारागिराचे नाव गाळू नये.